ड्रायसूटचं रिस्ट सील: मटेरियल ठरवायच्या आधी मनगट बघा

प्रश्न थोडक्यात असा: ट्रायलॅमिनेटचा (तीन थरांच्या कापडाचा) ड्रायसूट, म्हणजे डाइव्ह करताना अंग कोरडं ठेवणारा सूट, आणि त्याला चिकटवलेली लेटेक्सची रिस्ट सीलं, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून मनगटाला घट्ट बसणारी रबरी तोंडं. मनगटं बारीक. उजवी बाही जवळपास प्रत्येक डाइव्हनंतर कोपरापर्यंत ओली निघते, आणि आता डाव्या हाताचं सील कडेला फाटलंय. बदलायचंच आहे तर पुन्हा लेटेक्स, बाहीच्या टोकाला कडी बसवून सिलिकॉन, की निओप्रीन (फोमसारखं जाड रबर)? वर कोणीतरी ‘सरळ ड्राय ग्लव्ह्ज घाल, कटकटच मिटेल’ असा सल्ला दिलाय, म्हणजे सूटला जोडायचे, हात कोरडे ठेवणारे हातमोजे.

ड्रायसूट वापरणं आणि दुरुस्त करणं ही दोन्ही कामं मी बरीच वर्षं करतोय, त्यावरून सांगतो. मटेरियलवरून भांडणारे खूप भेटतात, पण सील गळण्याचं कारण मटेरियल हे फार कमी वेळा असतं. आधी पाणी नक्की कुठून येतंय ते शोधायचं. मग मनगटाची ठेवण बघायची. मग स्वतःला विचारायचं की डाइव्हच्या आदल्या रात्री सील फाटलं तर ते कोण बदलणार. या तिन्हीची उत्तरं आली की मटेरियल बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

बाही ओली म्हणजे सीलच गळतंय असं नाही. तक्रार डाव्या हाताची असती तर मी आधी एग्झॉस्ट व्हॉल्व्ह (सूटमधली हवा बाहेर सोडणारी झडप) उघडून बघायला सांगितलं असतं. तो बहुतेक सूटना डाव्या दंडावर असतो आणि त्यात वाळूचा कण किंवा आतल्या कपड्याचा धागा अडकला की पाणी थेंबाथेंबाने आत येत राहतं. तुमची उजवी बाही आहे, म्हणजे तो संशय गेला. आता उरला घाम. अंगात भरपूर कपडे घालून सूट चढवला, उन्हात बराच वेळ उभं राहिलं आणि मग थंड पाण्यात उतरलं की आतली वाफ सूटच्या कापडावर धरते. तो ओलावा सगळीकडे पसरलेला असतो. सीलमधून आलेलं पाणी मात्र वाट ठेवून जातं: सूट काढल्या काढल्या आतल्या बाहीकडे बघा, मनगटाच्या आतल्या बाजूने सुरू झालेला ओला पट्टा कोपराकडे गेलेला दिसेल. तरीही खात्री वाटत नसेल तर मनगटांत बाटल्या आणि गळ्यात मावेल असा डबा घालून सूटची तोंडं बंद करा, इन्फ्लेटरने थोडी हवा भरा आणि शिवणींवर, व्हॉल्व्हभोवती, सील जिथे चिकटवलंय त्या पट्ट्यावर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे जागा दाखवतात. ही चाचणी शिवण आणि चिकटवलेल्या जोडाची आहे. सील मनगटावर कसं बसतं ते मात्र बाटलीवरून कळत नाही, कारण बाटलीला कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) नसतात.

मुद्दा आहे तो या कंडरांचाच. उजवा तळहात वर करा, अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट जरासं आत वळवा. मधोमध एक दोरी ताठ उभी राहिली असेल. काही माणसांना ही मधली कंडरा जन्मतःच नसते, काहींना एकाच हाताला असते. तिच्या दोन्ही बाजूंना पडलेल्या खळग्यांत दुसऱ्या हाताचं बोट ठेवून मूठ आवळा, सोडा, पुन्हा आवळा. खळगा उघडतो आणि बंद होतो हे बोटाला कळतं. सील या खळग्यावरून ताणलेलं असेल तर मूठ आवळल्यावर त्याच्याखाली लांबट पोकळी तयार होते आणि ती पोकळी थेट बाहीत उघडते. बारीक मनगटावर चरबीचा थर नसतो, म्हणून हे जास्त होतं. उजव्याच हाताला का, तर बहुतेकांचं काम उजवा हात करतो: दोरी ओढणं, कॅमेरा धरणं, शिडी पकडणं, पाठीमागे हात नेऊन टाकीचा व्हॉल्व्ह फिरवणं. व्हॉल्व्ह ड्रिल (टाकीचा व्हॉल्व्ह बंद-उघड करायचा सराव) केल्यानंतरच बाही ओली होते असं सांगणारे डायव्हर मला सतत भेटतात. त्यांच्या सीलमध्ये दोष नसतो, मनगट त्या क्षणी पूर्ण दुमडलेलं असतं एवढंच.

यात पाण्याच्या दाबाचा भाग आहे. दर १० मीटर खोलीला सुमारे १ बार दाब वाढतो, म्हणजे हात खांद्यापेक्षा अर्धा मीटर खाली लोंबत असेल तर तिथे पाण्याचा दाब साधारण ०.०५ बारने जास्त. सूटमधली हवा उंच भागात जमते, त्यामुळे खालच्या हाताशी आतली हवा पाण्याला परत ढकलायला कमी पडते आणि खळगा उघडताच पाणी आत शिरतं. हात डोक्यावर उचलला की उलटं होतं, हवा सीलखालून फुर्रकन निघून जाते. सैल सीलवाल्या माणसाची हवा अशी मनगटातून जाते आणि बॉयन्सी (पाण्यात तरंगण्याचा तोल) का बिघडतेय ते त्याला कळत नाही. आणखी एक कारण सवयीचं आहे. काही जण सूटमध्ये हवा फारच कमी ठेवतात, सूट अंगाला आवळला जातो आणि आत जवळजवळ ओढ तयार होते. मग चांगलं सीलही पाणी घेतं. पुढच्या डाइव्हला खाली जाताना सूटमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा ठेवून बघा. यात पैसे लागत नाहीत.

दुसरा फुकट उपाय म्हणजे सील वर सरकवणं. करंगळीच्या बाजूला मनगटाचं जे हाड वर आलेलं असतं, त्यावर सीलची कड कधीच ठेवू नका. हाडाच्या मागे, कोपराच्या दिशेला दोन-तीन बोटं सरकवलं की हात मांसल होतो, कंडरा खोल जातात आणि खळगे उथळ होतात. अनेकांची गळती एवढ्यावर थांबते. बाही आखूड असेल तर मात्र सील वर राहतच नाही, हात लांब केला की खाली येतं. तेव्हा सील बदलायला दिलं की दुरुस्ती करणाऱ्याला बाहीची लांबीही बघायला सांगा. हात डोक्यावर नेऊन आणि छातीवर आवळून बघायचं, नुसतं सरळ उभं राहून नाही.

आकाराकडे मी मटेरियलइतकंच लक्ष देतो. सीलं मुख्यतः दोन आकारांत येतात. एक सरळ निमुळतं शंकूसारखं, जे आपल्या मापाला कापायचं असतं. दुसरं बाटलीच्या मानेसारखं: आधी रुंद, मग एकदम अरुंद आणि शेवटपर्यंत साधारण तेवढंच. शंकू कापला की मनगटाला घट्ट टेकणारा भाग कडेचा छोटासा पट्टा असतो. बाटलीच्या आकारात टेकणारा भाग लांब मिळतो, त्यामुळे एखाद्या ठिकाणी खळगा उघडला तरी पुढे-मागे कुठेतरी रबर कातडीला चिकटलेलं राहतं. बारीक मनगट आणि उठून दिसणाऱ्या कंडरा असतील तर बाटलीचाच आकार घ्या. जाड मनगटाला तो बऱ्याचदा घट्ट पडतो आणि कापायला फारशी जागाही नसते, तिथे शंकू बरा.

आता लेटेक्स. ते वाईट अजिबात नाही. ताणलं जातं, हाताला चटकन बसतं, स्वस्त पडतं, आणि योग्य गोंदाने ट्रायलॅमिनेटला पक्कं चिकटतं. त्याचं आयुष्य मात्र आपल्या हातात असतं. ऊन, उष्णता, ओझोन आणि तेल हे त्याचे शत्रू. सनस्क्रीन चोळलेल्या हातांनी सील ओढणं म्हणजे त्याला रोज थोडं थोडं विरघळवणं. विजेच्या मोटारीजवळ ओझोन तयार होतो, म्हणून कॉम्प्रेसरच्या खोलीत सूट टांगू नये. तांबं आणि पितळ लेटेक्सला लागून राहिलं तर तपकिरी डाग पडतात आणि तिथे ते कुजायला लागतं. म्हातारं झालेलं लेटेक्स ओळखणं सोपं आहे. दोन बोटांत धरून ताणा: पृष्ठभागावर बारीक तडे दिसले किंवा बोटाला चिकट लागलं तर ते सील संपलं. डावं सील असं झालं असेल तर उजवंही त्याच वयाचं आहे, दोन्ही एकदमच बदला. सील धुऊन, सावलीत वाळवून, बिनवासाची साधी टाल्क लावून ठेवायचं. सिलिकॉनचा स्प्रे मारून सील चकाकवणारे असतात, पण तो बाहीच्या कापडावर उडाला की पुढच्या वेळी तिथे गोंद धरत नाही आणि दुरुस्ती करणारा वैतागतो.

लेटेक्समध्ये नेहमीच्या जाडीचं आणि हेवी ड्यूटी असे दोन प्रकार मिळतात. ‘जाड ते टिकाऊ’ हे खरं आहे, पण जाड रबर खळग्यात उतरत नाही, खळग्यावरून पुलासारखं ताणलेलं राहतं. तुमच्या मनगटाला नेहमीची जाडीच हवी. ते थोडं लवकर बदलावं लागेल.

सिलिकॉन मऊ असतं, कमी दाबातही कातडीला छान बसतं. ऊन आणि ओझोन त्याचं फारसं काही बिघडवत नाहीत. दिवसभर घातलं तरी हाताला लेटेक्सइतका वळ उठत नाही. लेटेक्सची ॲलर्जी असलेल्याला तर हाच मार्ग. (निओप्रीन सगळ्यांना सुरक्षित असा एक समज आहे. त्यात वापरल्या जाणाऱ्या काही रसायनांनीही कातडीला पुरळ येऊ शकतं. खाज, गांधी किंवा सूज येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग खरेदी.) सिलिकॉनच्या दोन अडचणी आहेत. पहिली, त्याला सिलिकॉनचाच गोंद धरतो, नेहमीच्या गोंदाने ते सूटला चिकटत नाही, म्हणून ते जवळजवळ नेहमी कड्यावर बसवतात. दुसरी, त्याला चीर सहन होत नाही. वाढलेलं नख किंवा घड्याळाच्या बकलची धार लागली की कडेला बारीक खाच पडते, आणि पुढच्या वेळी हात घालताना ती खाच एका झटक्यात पूर्ण सील उभं फाडते. लेटेक्सही फाटतं, पण लेटेक्सचं टाचणीएवढं भोक तात्पुरतं ठिगळ लावून एखादा दिवस चालवता येतं. सिलिकॉनचं ठिगळ विसरा. सिलिकॉन घेतलं तर बॅगेत एक जोडी जादा असलीच पाहिजे, आणि नखं कापलेली असली पाहिजेत.

निओप्रीनबद्दल फार लांबण लावत नाही. ते दणकट आहे, मनगट उबदार ठेवतं, छोट्या खरचट्याने फाटत नाही. गुळगुळीत बाजू कातडीला लागेल अशी कड आत दुमडून घालायची असते. पण खोलीवर निओप्रीन दबून पातळ होतं, वर्षागणिक ताणून सैल पडतं, आणि खोल खळग्यात ते लेटेक्ससारखं उतरत नाही. भरलेल्या गोल मनगटाच्या, रोज खडकाळ किनाऱ्यावरून उतरणाऱ्या माणसाला मी निओप्रीन आनंदाने सुचवतो. तुम्हाला नाही.

कड्यांची पद्धत म्हणजे बाहीच्या टोकाला एक कडं कायमचं बसवायचं आणि सील त्यात दाबून किंवा खोबणीत अडकवून लावायचं. सायटेक, डीयूआय, वॉटरप्रूफ अशा कंपन्यांच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत आणि एकीचं सील दुसरीच्या कड्यात बसेलच असं नाही, तेव्हा कडं घेतानाच त्याची सीलं सहज मिळतात का हे विचारा. फायदा उघड आहे. चिकटवलेलं सील बदलायचं तर जुनं गरम हवेने सोडवणं, जागा घासणं, गोंद लावणं आणि तो पूर्ण वाळेपर्यंत साधारण एक दिवस थांबणं आलं. कड्यातलं सील मात्र गाडीच्या डिकीवर बसून काही मिनिटांत बदलतं. बसवताना खोबणीत केस, धागा किंवा वाळू राहिली नाही ना हे बोट फिरवून बघा, कारण नव्या कड्यांच्या बहुतेक तक्रारी तिथेच निघतात. अंडाकृती कडं असेल तर त्याची रुंद बाजू मनगटाच्या रुंदीत यायला हवी. फिरलेलं बसवलं तर हाडावर टोचतं.

कड्याचे तोटेही ऐका. हाताची मूठ कड्यातून जायला हवी. बारीक मनगट पण रुंद पंजा असेल तर छोटं कडं त्रास देतं. कडक कडं घट्ट बाहीत बसवलं तर हात पाठीमागे नेताना अडतं. दुकानात नुसता सूट घालून बघू नका, आतले जाड कपडे घालून, हात खांद्यामागे नेऊन बघा.

ड्राय ग्लव्ह्जने कटकट मिटते हे अर्धंच खरं. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं, त्यामुळे खूप थंड पाण्यात कोरडे हात ही मोठी गोष्ट आहे, यात वाद नाही. पण ड्राय ग्लव्ह्ज घालून आतलं रिस्ट सील काढून टाकणारे लोक आहेत, आणि ते मला पटत नाही. ग्लव्ह खडकावर फाटला तर आत सील असेल तेव्हा फक्त पंजा ओला होतो, सील नसेल तर पाणी बाहीतून पुढे सरकतं. सील ठेवलं की दुसरा प्रश्न येतो: खाली जाताना ग्लव्हमधली हवा आकसते आणि बोटांना चिमटे बसतात, म्हणून सूटमधली थोडी हवा ग्लव्हमध्ये जावी लागते. त्यासाठी सीलखाली बारीक नळी किंवा जाडसर दोरा घालतात, किंवा आतल्या कपड्याचा अंगठ्यात अडकवायचा फासा सीलखालून बाहेर काढतात. म्हणजे आपण मुद्दाम गळतीची वाट तयार करतो. ग्लव्ह शाबूत असेपर्यंत ती हवेची वाट असते. ओले ग्लव्ह्ज (पाणी आत घेणारे साधे हातमोजे) घालायचे असतील तेव्हा हा फासा अंगठ्यातून काढून सीलच्या मागे घ्यायला विसरू नका. तुमची उजवी बाही कधी या फाशामुळेच ओली होत नाही ना, हेही एकदा बघा. कापडाची वात लावल्यासारखं पाणी त्यातून आत खेचलं जातं.

कापण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण नवी सीलं इथेच वाया जातात. नवं लेटेक्स घट्ट वाटलं म्हणून लगेच कात्री घेऊ नका. मनगटापेक्षा जराशा जाड बाटलीवर चढवून एक रात्र ठेवा, थोडं सैलावतं. मग घालून किमान २० मिनिटं घरात वावरा. बोटांना मुंग्या आल्या, नखं निळसर दिसली किंवा पंजा गार पडला तर कापायला हवं. नुसता वळ उठणं ठीक आहे. घट्ट सीलने हात गार पडले की माणूस ग्लव्ह्ज बदलत बसतो, आणि दोष असतो सीलचा. कापताना सील बाटलीवर ताणून बसवा, लांब पात्याची धारदार कात्री घ्या आणि सीलवरच्या एका रेषेवरून एका दमात गोल फिरवा. पातं मध्येच मिटलं की तिथे दात पडतो, आणि पुढची चीर त्या दातातूनच निघते. कापून झालेली कड उजेडात धरून ताणून बघा, दात दिसला तर आणखी केसभर कापून तो काढून टाका. एका वेळी एकच रेषा. मग पुन्हा घालून बघा. सिलिकॉनलाही हेच, फक्त त्याला जास्त जपून, कारण तिथे दाताला माफी नाही.

घालताना पाचही बोटं चोचीसारखी एकत्र करा, दुसऱ्या हाताची दोन बोटं सपाट सीलच्या आत घालून ते उघडा आणि हात आत सरकवा. कड धरून ओढू नका. काढताना तसंच, दोन बोटं सीलखाली घालून ते पंजावरून ढकलायचं. हात आतून खेचून काढला की रबर उलटं ताणलं जातं. अंगठी आणि घड्याळ आधीच उतरवा. डाइव्ह कॉम्प्युटरचा पट्टा सीलच्या कडेवर आवळू नका, तो दाबतो तिथे सीलला सुरकुती पडते आणि सुरकुतीतून पाणी येतं. बाहीवर, सीलच्या बराच मागे बांधा.

तर तुमच्यासाठी माझं उत्तर. आधी दोन डाइव्ह उजवं सील वर सरकवून, फासा तपासून आणि सूटमध्ये थोडी जास्त हवा ठेवून करा. डावं फाटलंय, तर तेवढ्यापुरतं कोणाकडून साधं लेटेक्स चिकटवून घ्या किंवा दुसरा सूट भाड्याने वापरा. गळती थांबली आणि जवळ भरवशाचा दुरुस्ती करणारा असेल, तर नेहमीच्या जाडीचं, बाटलीच्या आकाराचं लेटेक्स दोन्ही हातांना लावा आणि बाकीचे पैसे वाचवा. गळती थांबली नाही, किंवा तुम्ही दुरुस्तीच्या सोयीपासून दूर जाऊन डाइव्ह करता असं असेल, तर कडी बसवा आणि त्यात मऊ सिलिकॉन घाला. पुढे कधी ड्राय ग्लव्ह्ज घ्यावेसे वाटले तर त्यांना जुळणारं कडं आताच निवडलेलं बरं, नाहीतर तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं. नवं सील लागल्यावर पहिली डाइव्ह खोल नको. स्विमिंग पूलमध्ये किंवा उथळ पाण्यात उतरा, प्रत्येक हाताने दहा-बारा वेळा मूठ आवळा, व्हॉल्व्हपर्यंत हात न्या, हात डोक्यावर उचलून हवा निसटतेय का ते बघा, आणि बाहेर आल्यावर अंग पुसायच्या आधी आतल्या बाहीला हात लावून बघा.